पिशाच, पुरावा आणि प्रेक्षक

नाटक पाहून घरीं परतणारा प्रेक्षक पूर्वीं आपलें मत वाटेंतच सोबत्यास सांगून मोकळा होत असे, आणि तें मत पुढच्या वळणापर्यंत विरूनही जाई. घरांत बसून पाहावयाच्या दूरचित्रमालिकांनीं हा प्रकार पालटला आहे. मालिका आठवड्याआठवड्यानें येते. दोन भागांच्या मध्यें वादाला सात दिवस मोकळे सांपडतात. आणि शेवटचा भाग होईपर्यंत प्रेक्षकांचीं मतें मूळ कथेहूनही लांब होऊन बसतात. टीकाकारानें या मतांकडे लक्ष देऊं नये, असा एक समज आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. सामान्य प्रेक्षक आपल्या नाराजीचें कारण पुष्कळदां भलतेंच सांगतो. पण तो नाराज झाला ही गोष्ट खरी असते, आणि कोठें झाला तें स्थळही तो बहुधा बिनचूक दाखवितो. रोग्याचें निदान वैद्यानें मानूं नये. दुखतें कोठें, एवढें मात्र त्याच्याच तोंडून ऐकावें.

हें लिहिण्यास निमित्त झालें तें 'दि आउटसायडर' या दहा भागांच्या अमेरिकन मालिकेचें. स्टीफन किंग यांची याच नांवाची कादंबरी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. रिचर्ड प्राइस या कादंबरीकारानें तिचें रूपांतर केलें. आणि १२ जानेवारी ते ८ मार्च २०२० या अवधींत एच्. बी. ओ. वाहिनीनें ती दाखविली. त्यास वर्षें लोटलीं, तरी आमच्या परिचयाच्या मंडळींत ती अजून एकमेकांस सुचविली जाते, आणि पाहून झाल्यावर सुचविणाऱ्याशीं भांडण होतें. एक तट म्हणतो, गुन्ह्याच्या तपासाची उत्तम कथा चालली होती, मध्येंच भूत आणून तिचा सत्यानाश केला. दुसरा म्हणतो, आम्ही भुताची गोष्ट म्हणून बसलों, तों भूत येईपर्यंत आम्हांस झोप लागली. परदेशांतील प्रेक्षकांचीं जीं मतें आमच्या वाचनांत आलीं, तींही बहुतांशीं याच दोन कुशींवर वळणारीं आहेत. तिसरा एक लहानसा तट मूळ कादंबरीच्या भक्तांचा आहे; त्याच्याकडे पुढें येऊं. आम्हांस या सर्वांशींच थोडथोडें भांडावयाचें आहे, आणि तें करतांना कथेचीं सर्व गुपितें उघडीं होणार. ज्यांना मालिका अजून पाहावयाची असेल त्यांनीं हीं पानें तूर्त उलटून पुढें जावें हें बरें.

कथेचा आरंभ असा आहे. जॉर्जिया राज्यांतील एका लहान शहरांत फ्रँकी पीटरसन नांवाच्या मुलाचें छिन्नविच्छिन्न प्रेत रानांत सांपडतें. राल्फ अँडरसन हा पोलिस-अधिकारी तपास करूं लागतो, आणि दोन दिवसांच्या आंत त्याच्यापुढें पुराव्याचा ढीग पडतो. मुलगा कोणाच्या गाडींत बसला तें पाहणारे साक्षीदार आहेत. रक्तानें माखलेल्या माणसाशीं बोललेली लहान मुलगी आहे. बोटांचे ठसे आहेत, रक्त आहे, कॅमेऱ्यानें टिपलेलीं चित्रें आहेत. सर्व पुरावा एकाच माणसाकडे बोट दाखवितो. हा माणूस टेरी मेटलंड: शाळेंत इंग्रजी शिकविणारा, गांवच्या मुलांना बेसबॉल शिकविणारा, दोन मुलींचा बाप. राल्फचा मुलगा डेरेक हाही टेरीच्याच हाताखालीं खेळलेला, आणि तो मुलगा कर्करोगानें गेलेला आहे. राल्फचा संताप अनावर होतो, आणि भर सामन्यांत, गांवासमक्ष, बायकोमुलींच्या डोळ्यांदेखत तो टेरीस बेड्या घालवितो. मग दुसरा पुरावा येतो. खून झाला त्या वेळीं टेरी दूरच्या कॅप सिटी शहरीं शिक्षकांच्या परिषदेंत बसला होता. त्याचें चलच्चित्र आहे, सोबतचे शिक्षक आहेत. हाही पुरावा तितकाच निर्विवाद. कादंबरींत तर तेथील एका पुस्तकावर त्याच्या बोटांचे ठसेही मिळतात. न्यायालयाच्या दारांत, जमावाच्या गदारोळांत, मेलेल्या मुलाचा थोरला भाऊ टेरीवर गोळ्या झाडतो. राल्फच्या गोळीनें तो मुलगाही पडतो. आणि टेरी मरतां मरतां आपण निर्दोष असल्याचें राल्फला सांगतो. हें सर्व पहिल्या दोन भागांतच घडतें.

हे दोन भाग पहिल्या रात्रीं लागोपाठ दाखविले गेले. त्यांचें दिग्दर्शन टेरीची भूमिका करणाऱ्या जेसन बेटमन यांचेंच आहे. त्यांच्याविषयीं कोणत्याही तटांत मतभेद नाहीं, आणि तो नसणेंच योग्य. अटक आणि साक्षी यांचे धागे त्यांनीं असे विणले आहेत कीं, साक्षीदार बोलत असतांना आपणही मनांतल्या मनांत टेरीला दोषी ठरवीत जातों. कॅमेरा माणसांपासून दूर राहतो. दाराच्या फटींतून, खिडकीच्या कांचेंतून, खांबाआडून पाहतो. पात्रें चौकटीच्या एका कोपऱ्यांत बसलेलीं असतात आणि उरलेली चौकट रिकामी असते. ती रिकामी जागा कोणासाठीं ठेवली आहे हा प्रश्न मनांत येतो, पण विचारावयास सवड मिळत नाहीं. चित्र फार अंधारें आहे ही एक तक्रार आम्हीं वारंवार ऐकली. दिवसाउजेडीं, पडदे न ओढतां ही मालिका पाहणाऱ्यांची ती तक्रार रास्तच आहे; पण या कथेस अंधार शोभतो.

आतां पहिल्या तटाकडे वळूं. याचें म्हणणें असें कीं, लेखकानें वाचकाशीं केलेला करार मोडला. अशा कराराची भाषा नवीन नाहीं. रोनल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशकानें १९२९ सालीं गुप्तहेरकथेचे दहा नियम घालून दिले. त्यांतील दुसरा नियम अतिमानुष शक्तींना सपशेल बंदी करतो, आणि दहावा नियम असा कीं, पूर्वसूचना दिल्यावांचून जुळे भाऊ अथवा हुबेहूब दिसणारीं माणसें कथेंत आणूं नयेत. आमची मालिका हे दोन्ही नियम एकाच दमांत मोडते! कॉनन डॉइल स्वतः उत्तरायुष्यांत परलोकविद्येचे कट्टे पुरस्कर्ते झाले होते, तरी शेरलॉक होम्सच्या उंबरठ्याच्या आंत त्यांनीं भुतास येऊं दिलें नाहीं. बास्करव्हिलच्या कुत्र्याच्या तोंडांतून ज्वाळा निघतात खऱ्या, पण तो फॉस्फरसचा लेप ठरतो. हा संकेत आपल्याही वाचकांच्या हाडींमासीं खिळलेला आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या पिढीस शेवटच्या पानावर बुरखा फाडला जाणार आणि आंत माणूस सांपडणार याची हमी असे. ती हमी हाच त्या भीतीचा गोडवा होता.

परंतु ही तक्रार करणाऱ्यांस आमचा एक साधा प्रश्न आहे. भूत नको, तर उत्तर काय हवें होतें? एकच माणूस एकाच वेळीं दोन शहरांत आहे, आणि दोन्ही ठिकाणचा पुरावा बिनतोड आहे. जुळा भाऊ काढला असता तर हेच प्रेक्षक हसले असते. चलच्चित्र बनावट ठरविलें असतें, तर पोलिस मूर्ख ठरले असते. ठसे बनावट ठरविले असते, तर खुनी सर्वज्ञ ठरला असता. किंग यांनीं पेंच असा घातला आहे कीं बुद्धीनें तो सोडवूं जाणाऱ्यास अर्धा पुरावा फेंकून द्यावा लागतो. कोणता अर्धा फेंकावयाचा? राल्फनें दुसरा अर्धा येण्यापूर्वींच निकाल लावला, आणि त्या घाईपायीं एक बाप व एक पोर न्यायालयाच्या पायऱ्यांवर मेलें. पहिल्या तासांत टेरीला दोषी धरून बसलेल्या प्रेक्षकानें तेंच केलें आहे. हा प्रेक्षक पुढें आठ भाग तर्काची बाजू घेऊन भुताविरुद्ध भांडतो, तेव्हां त्याच्या तर्कानें टेरीचें काय केलें याचा त्यास विसर पडतो. मूळ कादंबरींत राल्फला लहानपणचें एक खरबूज आठवतें: वरची साल निर्दोष, कोठें भोंक नाहीं, आणि चिरल्यावर आंत अळ्या वळवळतात. अळ्या आंत गेल्या कोठून? हा प्रश्न ज्यास अस्वस्थ करीत नाहीं, त्याला या कथेंत करमणूक मिळणार नाहीं हें आम्ही कबूल करतों. करार मोडल्याचा आरोप मात्र टिकत नाहीं; कारण कथेनें अशक्य गोष्ट पहिल्याच रात्रीं टेबलावर उघडी मांडली होती.

आणि दुसऱ्याचें रूप घेऊन अपराध करणारा हा प्राणी आपणांस तरी नवखा कां वाटावा? इंद्रानें गौतमाचें रूप घेतलें, आणि शिळा होऊन पडली ती अहल्या. त्या कथेंत शिक्षेचा मोठा वांटा कोणाच्या पदरीं गेला हें ज्याच्या ध्यानांत आहे, त्यास टेरी मेटलंडच्या विधवेचे हाल निराळे समजावून सांगावयास नकोत. तिच्या दारावरून जाणारा प्रत्येक शेजारी तिच्याकडे खुन्याची बायको म्हणून पाहतो. मुलींना शाळेंत जाण्याची सोय उरत नाहीं. ज्युलिअन निकल्सन यांनीं ही ग्लोरी अशी रंगविली आहे कीं, तिचा राग कोणाच्याही सहानुभूतीनें विझत नाहीं. राल्फ क्षमा मागावयास येतो तेव्हां ती त्याला क्षमा करीत नाहीं, आणि लेखकानें तिला ती करावयास लावलें नाहीं, याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

नलदमयंतीच्या आख्यानांत याच पेंचाची दुसरी बाजू आहे. स्वयंवराच्या मंडपांत पांच नल बसलेले आहेत. चार देव आणि एक माणूस. दमयंतीपुढें पुरावा म्हणून फक्त रूप आहे, आणि रूप तर पांचांचें एकच. ती देवांनाच शरण जाते, आणि मग देव आपलीं लक्षणें प्रकट करतात: पापणी लवत नाहीं, अंगास घाम नाहीं, गळ्यांतील माळ कोमेजलेली नाहीं, पाय भूमीस टेंकलेले नाहींत, छाया पडत नाहीं. खरा नल ओळखू येतो तो घामावरून आणि धुळीवरून, म्हणजे त्याच्या मर्त्यपणावरून. 'दि आउटसायडर'मध्यें टेरीला हें भाग्य लाभत नाहीं. त्याच्या रूपांत फिरणाऱ्याची सावली पडते, त्याला घाम येतो, त्याचें रक्तही टेरीचेंच निघतें. देव सभ्य होते, त्यांनीं खूण पटविली; येथला तोतया खूण ठेवीत नाहीं, आणि आधुनिक प्रयोगशाळा तर खुणांवांचून आंधळी. या एका कल्पनेसाठीं आम्ही किंग यांना पुष्कळ गोष्टी क्षमा करण्यास तयार आहों. ठसे आणि रक्तपरीक्षा यांवर आपल्या काळाची जी श्रद्धा आहे, तिच्या मर्मावरच त्यांनीं बोट ठेवलें आहे.

दुसरा तट संथपणाची तक्रार करतो. येथें आम्हांस तटांतील लोकांचे दोन भाग करावे लागतात. तिसऱ्या भागापासून होली गिबनी ही खासगी शोधिका कथेंत येते आणि टेरीच्या मागचा माग काढूं लागते. टेरी आपल्या आजारी बापास भेटावयास ओहायोमधील डेटन येथें गेला होता. तेथील शुश्रूषागृहांत एका परिचारकाचा ओरखडा त्याच्या हातास लागला. त्या परिचारकावरही पुढें बालहत्येचा आरोप आला, आणि तोही दुसऱ्या कोठें असल्याचें सांगत सांगत तुरुंगांत मेला. त्याच्या आधीं न्यू यॉर्कमध्यें अशीच एक बाई. साथीच्या रोगाचा उगम शोधावा तशी होली गांवोगांव फिरते. मालिकेचा शेवटचा भाग ८ मार्च २०२० रोजीं झाला आणि त्याच आठवड्यांत जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाची महासाथ जाहीर केली, हा निव्वळ योगायोग. परंतु ज्यांनीं ती पुढें टाळेबंदींत पाहिली त्यांना 'स्पर्श कोणाचा झाला' हा प्रश्न निराळ्याच तऱ्हेनें झोंबला असणार. हा शोध संथ आहे, पण तो शोध आहे. त्यास कंटाळणाऱ्यांची बाजू आम्ही घेऊं शकत नाहीं. सहाव्यापासून आठव्या भागापर्यंतची गोष्ट मात्र वेगळी. तेथें सहा-सात माणसें एका खोलींत बसून, प्रेक्षकाला ठाऊक असलेलें एकमेकांस सांगतात; मग राल्फ मान हालवितो; मग तीं दुसऱ्या खोलींत बसतात. येथें झोंप लागली असें कोणी म्हटल्यास आम्ही त्यास उठविणार नाहीं. कथेचा ऐवज सात भागांचा असून विणकर दहांचें माप घेऊन बसला, एवढाच याचा अर्थ.

तथापि या संथपणांतच प्राइस यांनीं घातलेली एक मोलाची भर आहे, आणि ती कादंबरीच्या भक्तांनीं फारशी लक्षांत घेतलेली नाहीं. कादंबरींत राल्फचा मुलगा जिवंत आहे. तो सुटींत शिबिरास गेला आहे, एवढेंच. मालिकेंत तो मेलेला आहे, आणि राल्फ व जीनी हीं नवराबायको त्याच्या रिकाम्या खोलीच्या भोंवतीं पाऊल न वाजवितां वावरतात. यामुळें राल्फच्या अविश्वासास निराळें वजन येतें. मेलेला मुलगा परत येत नाहीं, या एका कठोर सत्यावर तो माणूस कसाबसा उभा आहे. जगांत भूत असूं शकतें हें मान्य केलें, तर तो आधारच निखळतो. मग रोज रात्रीं डेरेकची वाट पाहावी लागेल. बेन मेंडेलसोन यांनीं हा हट्ट शब्दांनीं कमी आणि खांद्यांनीं अधिक दाखविला आहे. एका रात्रीं तो प्राणी जीनीस घरांत भेटतो, आणि नवऱ्यानें तपास सोडावा म्हणून धमकी देतो. सकाळीं ती हें राल्फला सांगते. राल्फ तें स्वप्न म्हणून सोडून देतो. अनोळखी साक्षीदारांच्या शब्दांवर ज्यानें टेरीला बेड्या घातल्या, तो स्वतःच्या बायकोची साक्ष मानीत नाहीं! या एका प्रसंगांत साक्ष म्हणजे काय, आणि ती कोणाची मोलाची धरली जाते, याविषयीं जें कळतें, तें पुष्कळ गाजलेल्या न्यायालयीन नाटकांतही आम्हांस आढळलेलें नाहीं. मेअर विनिंगहॅम यांची जीनी यावर रागावतही नाहीं. ती नुसती त्याच्याकडे पाहते.

कादंबरीच्या भक्तांची मुख्य तक्रार होलीविषयीं आहे. किंग यांच्या वाचकांस होली २०१४ च्या 'मिस्टर मर्सिडीज'पासून परिचित आहे: भिडस्त, घाबरट, हळूहळू धीट होत जाणारी. सिंथिया इरिव्हो यांची होली भिडस्त नाहीं. ती स्थिर आहे, विचित्र आहे, आणि आपल्या विचित्रपणाबद्दल तिला कसलाही संकोच नाहीं. हा बदल आम्हांस आवडला. भुतावर विश्वास ठेवणारें पात्र भोळें असावयाचें आणि न ठेवणारें शहाणें, हा संकेत येथें मोडला आहे. होली विश्वास ठेवते ती भोळेपणानें नव्हे; इतर सर्व शक्यता एक एक करून खोडल्यावर जी उरली ती ती स्वीकारते, एवढेंच. होम्सचीच ही रीति. फक्त ती जेथें पोंचते तेथें होम्स कधीं गेला नसता.

आपल्याकडील कांहीं प्रेक्षकांस ती अपुरी वाटली, याचें कारण आम्हांस वाटतें निराळें आहे. नारायण धारप (१९२५-२००८) यांनीं किंग यांच्या कथा मराठी वाचकांच्या घरांत आणल्या. 'लुचाई' वाचून रात्रीं खिडक्या लावून घेणारे पुष्कळ लोक 'सेलम्स लॉट'चें नांवही न ऐकतां तिच्या भीतीचे भागीदार झाले. परंतु धारपांच्या जगांत समर्थांसारखा एक जाणता पुरुष असतो. त्याला अमंगळाचे नियम ठाऊक असतात, आणि वाचक त्याच्या पाठीशीं निर्धास्त उभा राहतो. होलीला नियम ठाऊक नाहींत. तिच्या हातीं आहे ती तुरुंगांतल्या बायकांनीं सांगितलेली एल् कुकोची गोष्ट, म्हणजे स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या घरांतील बागुलबुवा. 'झोंप, नाहींतर बागुलबुवा येईल' असें ज्या आयांनीं म्हटलें, त्यांचें तें म्हणणें पुरावा म्हणून पुढें मांडण्याची पाळी एका बुद्धिमान स्त्रीवर येते, आणि तीही पोलिस, वकील यांच्यापुढें. तो प्रसंग पाहतांना आम्हांस हंसूं आलें, आणि हंसूं येतांच आपण राल्फच्या बाजूस जाऊन बसलों हेंही ध्यानांत आलें.

येथपर्यंत मालिकेची बाजू आम्हीं घेतली. आतां प्रेक्षकांची घेऊं. शेवटचे दोन भाग पाहून दोन्ही तट सारखेच नाराज झाले, आणि ती नाराजी आम्हांस पूर्णपणें खरी वाटते. फक्त तिचें कारण दोघांनींही चुकीचें दिलें आहे. भूत आलें हा दोष नव्हे, आणि उशीरां आलें हाही नव्हे. तें फार खात्रीचें होऊन आलें, हा दोष आहे. आठ भागांपर्यंत त्याच्याविषयीं जें जें होतें, तें ओरखडे, स्वप्नें, लहान मुलीची साक्ष, म्हातारीची गोष्ट, असें होतें. मानावें तर आहे, न मानावें तर नाहीं. मानण्यास किंमत पडत होती. मग मंडळी टेनेसीच्या डोंगरांत जातात. त्या प्राण्याच्या कह्यांत गेलेला जॅक हॉस्किन्स कड्यावरून बंदूक झाडतो, आणि आपल्या ओळखीचीं बरींचशीं माणसें मरून पडतात. हा गोळीबार कौशल्यानें चित्रित केला आहे, परंतु असा गोळीबार कोणत्याही शिकारकथेंत बसला असता. त्यानंतर गुहेंत तो प्राणी समोर बसून बोलूं लागतो. आपण मुलें कां खातों हें तो सांगतो. होली त्याला प्रश्न विचारते, तो उत्तरें देतो. वेताळपंचविशींत प्रश्न भुतानें विचारावयाचे आणि उत्तर माणसानें द्यावयाचें, हा जो जुना क्रम आहे, त्यांत केवढें शहाणपण आहे तें हा संवाद ऐकतांना कळतें! उत्तरें देणारें भूत हा एक साधा आरोपी होतो. त्याचा कबुलीजबाब मिळाला. मग राल्फनें विश्वास ठेवला यांत राल्फची मातबरी कसली? डोळ्यांसमोर बसलेल्यावर कोणीही विश्वास ठेवील. राल्फ शेवटीं दगडानें त्याचा निकाल लावतो, आणि आम्हांस त्या वेळीं कसलीच भीति वाटली नाहीं. किंग यांच्याच 'इट'चें १९९० सालीं जें दूरचित्ररूप झालें, त्यांतही विदूषकाला भ्यालेले प्रेक्षक शेवटच्या कोळ्याला पाहून हंसले होते. तीस वर्षांनंतर साधनें सुधारलीं. खोड तीच राहिली.

हेन्री जेम्स यांनीं १८९८ सालच्या आपल्या प्रसिद्ध भूतकथेंत ही चूक टाळली, म्हणून तींतील भुतें खरीं कीं त्या शिक्षिकेच्या मनांतलीं, हा वाद सव्वाशे वर्षें चालला आहे. तेवढ्या संयमाची अपेक्षा आम्ही दूरचित्रवाणीकडून करीत नाहीं. गुहेच्या तोंडाशीं थांबलें असतें तरी पुरें होतें.

यापुढें घडतें तें मात्र अधिक गंभीर आहे, आणि त्याविषयीं प्रेक्षकांनीं केवळ तर्कवितर्क केले, राग व्यक्त केला नाहीं, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. वांचलेलीं माणसें परत येतात. खरें काय झालें तें कोणत्याही न्यायालयांत सांगतां येणार नाहीं. म्हणून पचेल असा एक वृत्तान्त रचला जातो, आणि टेरीवरचा डाग अधिकृतपणें पुसला जातो. निर्दोष माणसास निर्दोष ठरविण्यासाठीं खोटें बोलावें लागतें, हा या कथेचा खरा शेवट आहे, आणि तो फार कडू व फार चांगला आहे. ग्लोरीस जें मिळतें तें एवढेंच, आणि तें किती अपुरें आहे हें निकल्सन यांच्या चेहऱ्यावर दिसतें. निरोप घेतांना राल्फच्या तोंडीं टेरीचें नांव येतें, आणि होली विचारते, टेरी कोण? या विचित्र प्रश्नावर चर्चा पुष्कळ झाली. तेवढें गूढ आम्हीही सहन केलें असतें. पण मग नामावली सुरू होते, आणि ती मध्येंच थांबवून आपणांस होली आरशापुढें दाखवितात; आरशांत मेलेल्या जॅकची आकृति क्षणभर दिसते; आणि होलीच्या हातावर एक ओरखडा आहे.

हा ओरखडा कशासाठीं? तिच्या अंगीं तो प्राणी शिरला असेल, तर गुहेंतील सर्व मरणें फुकट गेलीं. ही खरी होलीच नसेल, तर आपण कोणाच्या निष्ठेवर दहा भाग विसंबलों? आणि दोन्ही नसेल, तर ती नुसती चापटी आहे, पुढचा खेळ पाहावयास या म्हणून मारलेली. पहिल्या तटानें करारभंगाचा जो आरोप पहिल्या भागांवर केला, तो येथें करावयास हवा होता. टेरीची निर्दोषता सिद्ध करण्यास ज्या मालिकेनें एवढीं माणसें खर्चीं घातलीं, तिनेंच शेवटच्या मिनिटांत होलीस पुराव्यावांचून संशयित करून सोडलें. न्यायालयाच्या दारांतल्या त्या जमावाहून यांत निराळें काय आहे? नोव्हेंबर २०२० मध्यें वाहिनीनें दुसरें पर्व न काढण्याचें ठरविलें, तेव्हां तो ओरखडा आहे तसाच राहिला. किंग यांनीं होलीच्या पुढच्या कथा लिहिल्या, 'इफ इट ब्लीड्स' २०२० मध्यें आणि 'होली' २०२३ मध्यें; पण त्या कादंबरींतल्या होलीच्या आहेत, हिच्या नव्हेत.

ज्यांनीं हीं पानें येथवर वाचूनही मालिका पाहण्याचा बेत सोडला नसेल, त्यांना आमची एक सूचना आहे. पहिले दोन भाग एका रात्रींत पाहावे, मधले अवकाशानें पाहावे. सहा ते आठ पाहतांना हातांत भाजी निवडावयास घेतली तरी चालेल. आणि दहाव्या भागाची नामावली पडद्यावर येतांच यंत्र बंद करावें.